गोमंतकाची पहिली विधानसभा

सभा, मतदान, ठराव आणि इतिवृत्त या गोष्टी गोमंतकातील देवस्थानांच्या महाजनांना अपरिचित नव्हत्या. परंतु महाजनकीचा हक्क वंशाने मिळतो. गावकरीचीही रीत तीच. भाटकाराच्या जमिनीवर घर बांधून राहणाऱ्या मुंडकाराला त्या सभांत स्थान मिळणे कठीणच. ९ डिसेंबर १९६३ रोजी मात्र भाटकार आणि मुंडकार एकाच मतपेटीपुढे उभे राहिले आणि दोघांच्या मताचे मोल सारखेच ठरले. त्या दिवसाचे खरे महत्त्व यात आहे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्तेचा अंत झाला. पुढे १९६३ च्या केंद्रशासित प्रदेश कायद्याने गोवा, दमण व दीव यांना ३० निर्वाचित सभासदांची एकच विधानसभा मिळाली. त्यांपैकी २८ गोव्याचे, एक दमणचा व एक दीवचा. मुदत पाच वर्षांची. मतदाराचे वय त्या काळी २१ वर्षे होते. १८ वर्षांची मर्यादा १९८९ मध्ये आली. या सभेचे अधिकार मात्र घटक राज्याच्या विधानसभेइतके व्यापक नव्हते. मंत्रिमंडळ व नायब राज्यपाल यांच्यात मतभेद झाल्यास अखेरचा निर्णय राष्ट्रपतींचा असे.

निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षास मित्रांसह १६ व युनायटेड गोवन्स पक्षास १२ जागा मिळाल्या. भाऊसाहेब बांदोडकर स्वतः उमेदवार नव्हते. तरीही २० डिसेंबर रोजी ते मुख्यमंत्री झाले. मंत्र्याने सहा महिन्यांच्या आत सभागृहात निवडून यावे, असा नियम आहे. त्याप्रमाणे ते पोटनिवडणुकीत विजयी झाले. ९ जानेवारी १९६४ रोजी पणजीस आदिलशाही राजवाड्यात पहिले अधिवेशन भरले. पांडुरंग पुरुषोत्तम शिरोडकर सभापती झाले, तर डॉ. जॅक सिकेरा विरोधी पक्षनेते. त्याच वर्षी कुळांच्या संरक्षणाचा कायदा झाला. नव्या मतदाराचा आवाज सभागृहात पोचल्याची ती खूण होती.

यापुढचा प्रश्न अधिक बिकट होता. महाराष्ट्रात विलीन व्हावे की नाही? सत्तारूढ पक्षाजवळ बहुमत होते आणि विधानसभेने विलीनीकरणाच्या बाजूने ठरावही केला. परंतु पाच वर्षांसाठी निवडलेल्या सभेने प्रदेशाचे कायमचे भवितव्य एका ठरावाने ठरवावे काय, असा विरोधकांचा सवाल होता. अखेर संसदेने १९६६ मध्ये कायदा करून हा प्रश्न थेट मतदारांपुढे ठेवला. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून मंत्रिमंडळाने आधीच राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ रोजी 'फूल' या विलीनीकरणाच्या चिन्हास १,३८,१७० मते पडली. 'दोन पाने' या केंद्रशासित प्रदेशाच्या चिन्हास १,७२,१९१. अंतर ३४,०२१ मतांचे.

त्यानंतर दोनच महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली. विलीनीकरण नाकारणाऱ्या याच मतदारांनी बांदोडकरांच्या पक्षास पुन्हा बहुमत दिले! यात विसंगती शोधणारे पुष्कळ भेटतात. वस्तुतः प्रश्नच दोन होते : राज्य कोणी चालवावे, आणि राज्य कोणते असावे. पहिल्याचे उत्तर प्रतिनिधींवर सोपवून दुसऱ्याचे लोकांनी स्वतःपाशी राखले.

३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले, सभागृह ४० सभासदांचे झाले आणि २००० साली ते पर्वरीच्या नव्या वास्तूत गेले. वास्तू बदलली, संख्या वाढली. पण प्रतिनिधी हा मतदाराचा मुखत्यार आहे, मालक नव्हे, हा धडा गोमंतकीयाने पहिल्या चार वर्षांतच गिरविला होता.