बाळंतपण कोठें आणि कोणाच्या हातीं?

घरांत पाळणा हलणार अशी वार्ता आली, कीं आनंदाच्या पाठोपाठ एक प्रश्न उभा राहतो. बाळंतपण कोठें करावयाचें? माहेरीं कीं सासरीं, सरकारी रुग्णालयांत कीं खाजगी प्रसूतिगृहांत, डॉक्टरांकडे कीं शिकलेल्या सुईणीकडे? वडीलधाऱ्या बायका एक सांगतात, शेजारी दुसरें, आणि होणारे आईबाप संभ्रमांत पडतात. हा प्रश्न आजचा नाहीं. त्याला दीर्घ इतिहास आहे, आणि तो जाणणाऱ्यास आजचा निर्णय करणें बरेंच सोपें जातें.

प्राचीन वैद्यांनीं ह्या प्रश्नाचा बारकाईनें विचार केला होता. नववा महिना लागण्यापूर्वींच स्वतंत्र सूतिकागार सिद्ध करावें, लागणारें साहित्य आधींच आणून ठेवावें आणि अनेक बाळंतपणें झालेल्या प्रेमळ स्त्रिया जवळ असाव्यात, असें चरकसंहितेंत सांगितलें आहे. सुश्रुतसंहिता एक पाऊल पुढें जाते. प्रसूतीच्या वेळीं जवळ असणाऱ्या चार स्त्रिया प्रौढ वयाच्या व कुशल असाव्यात, एवढेंच सांगून ती थांबत नाहीं. त्यांचीं नखें कापलेलीं असावींत, असेंहि ती बजावते. जागा, कुशल माणूस आणि स्वच्छ हात ह्या तिन्ही गोष्टी येथें एकत्र आल्या आहेत. पुढें त्यांपैकीं एकेकीचा विसर पडला, आणि त्या विस्मरणाची किंमत असंख्य मातांनीं प्राणांनीं दिली.

ह्याचें अत्यंत हृदयद्रावक उदाहरण युरोपांतील एका नामांकित रुग्णालयांत घडलें. व्हिएन्ना येथील सार्वजनिक रुग्णालयांत प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यांत वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यांत सुइणी शिकत. 1841 ते 1846 ह्या सहा वर्षांत पहिल्या विभागांत शेंकडा सुमारे 10 बाळंतिणी दगावल्या. दुसऱ्यांत हें प्रमाण शेंकडा 4 हून कमी होतें. कोणत्या विभागांत दाखल व्हावयाचें हें वारावर ठरे, आणि शहरांतील गरीब बायकांना दोहोंतील भेद पुरता ठाऊक होता. पहिल्या विभागाचा वार आला, तर त्या गुडघे टेकून ‘आम्हांला दुसरीकडे न्या’ अशी विनवणी करीत. कित्येकी वाटेंतच प्रसूत होत. आणि आश्चर्य असें, कीं अशा स्त्रियांना सूतिकाज्वर क्वचितच होई.

इग्नाझ सेमेलवाइस नांवाचा हंगेरियन डॉक्टर 1846 मध्यें पहिल्या विभागांत सहायक म्हणून रुजू झाला. त्यानें गर्दी, हवा, आहार, इतकेंच काय, मरणोन्मुख रुग्णाकडे जाणाऱ्या धर्मोपदेशकाच्या घंटेचा धसका, अशीं सारीं कारणें तपासून पाहिलीं. 1847 च्या मार्चमध्यें त्याचा स्नेही कोलेच्का हा शवविच्छेदनाच्या वेळीं सुरी लागून वारला. त्याच्या देहांत जी लक्षणें आढळलीं, तींच सूतिकाज्वराच्या रोग्यांत आढळत. सेमेलवाइसला उलगडा झाला. विद्यार्थी प्रेतें फाडून त्याच हातांनीं बाळंतिणींना तपाशीत. सुइणींच्या शिक्षणांत शवविच्छेदन नव्हतें. मे महिन्यांत त्यानें क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याची सक्ती केली. 1848 मध्यें दोन्ही विभागांतील मृत्यूंचें प्रमाण शेंकडा सव्वाच्या आसपास, म्हणजे जवळजवळ सारखें झालें. तरीहि वैद्यांचेच हात मृत्यु वाहून नेतात, ही गोष्ट त्या काळच्या पंडितांना मानवली नाहीं. सेमेलवाइस 1865 मध्यें वेड्यांच्या इस्पितळांत मरण पावला. सुश्रुताच्या कापलेल्या नखांचें मर्म जगाला पुनः शिकावें लागलें, तें असें.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांनाहि हाच कटु अनुभव आला. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयांत सुइणींच्या शिक्षणासाठीं त्यांच्या प्रेरणेनें 1862 मध्यें उघडलेला कक्ष सूतिकाज्वरामुळें 1867 मध्यें बंद करावा लागला. त्यांनीं आंकडे गोळा करून 1871 मध्यें एक पुस्तक प्रसिद्ध केलें. त्या काळीं रुग्णालयापेक्षां आपल्या घरीं प्रसूत होणाऱ्या स्त्रियांचे मृत्यु कमी होते, असा त्याचा निष्कर्ष होता. ‘घरच बरें’ ह्या जुन्या समजुतीला एके काळीं खरा आधार होता, हें ह्यावरून दिसेल.

परंतु तो आधार कायम राहिला नाहीं. जंतुनाशक शस्त्रक्रिया रूढ झाली. 1879 मध्यें पाश्चरनें सूतिकाज्वराचे जंतु दाखवून दिले. 1935 नंतर सल्फा औषधें, आणि पाठोपाठ पेनिसिलिन व रक्तदानाची सोय आली. रुग्णालयाचा मुख्य दोष नाहींसा झाला आणि त्याचें मुख्य बळ उरलें. बाळंतीण रक्तस्रावानें खचूं लागली, मूल आडवें आलें किंवा झटके आले, तर घरांत हात कितीहि स्वच्छ असले तरी ते पुरे पडत नाहींत.

आपल्याकडील घरचें बाळंतपण म्हणजे बहुधा कोंदट, अंधारी खोली, धुमसणारी शेगडी आणि अनुभवानें शहाणी परंतु शिक्षणाला पारखी राहिलेली सुईण, असें असे. तिचा धीर व कसब खरें; पण नाळ कापण्याचें हत्यार उकळलेलें नसे, आणि धनुर्वातानें तान्हीं मुलें जात. आनंदीबाई जोशी ह्यांचें पहिलें मूल अवघ्या दहा दिवसांचें होऊन गेलें. त्या दुःखांतूनच त्यांच्या वैद्यकीच्या ध्यासानें मूळ धरलें. 1886 मध्यें फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेतांना त्यांनीं लिहिलेला प्रबंध प्राचीन आर्यांच्या प्रसूतिशास्त्रावर होता. 1887 च्या फेब्रुवारींत त्यांचें निधन झालें. ज्या 1886 सालीं त्यांना पदवी मिळाली, त्याच सालीं मुंबईंत स्त्रियांसाठीं कामा रुग्णालय उघडलें. 1926 मध्यें परळ येथें वाडिया प्रसूतिगृह सुरू झालें. तरीहि 1946 च्या भोर समितीच्या अंदाजाप्रमाणें देशांत दर हजार जन्मांमागें सुमारे 20 माता दगावत होत्या.

त्यानंतरचा पालट विलक्षण आहे. 1992-93 च्या राष्ट्रीय पाहणींत देशांतील सुमारे चौथा हिस्सा प्रसूति रुग्णालयांत होत असल्याचें दिसलें. 2019-21 च्या पाहणींत हें प्रमाण शेंकडा 88.6, व महाराष्ट्रांत 94.7 भरलें. मातामृत्यूंचें प्रमाण 2018-20 मध्यें दर लाख जन्मांमागें 97 वर, आणि महाराष्ट्रांत 33 वर आलें. घरीं जन्मणाऱ्या बालकांचाहि विसर पडला नाहीं. गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांनीं खेड्यांतील स्त्रियांनाच नवजात बालकाच्या शुश्रूषेचें शिक्षण दिलें. तेथील नवजात मृत्यु शेंकडा 62 नीं घटल्याचें 1999 मध्यें प्रसिद्ध झालें. हात शिकलेले असले म्हणजे काय होतें, ह्याचा हा घरचाच पुरावा होय.

मग रुग्णालयांत नांव घातलें, कीं विचार संपला काय? तसें नाहीं. 2019-21 च्याच पाहणींत सरकारी संस्थांतील शेंकडा 14.3, तर खाजगी संस्थांतील शेंकडा 47.4 प्रसूति पोट चिरून झाल्या, असें आढळलें. शस्त्रक्रियेनें अगणित प्राण वांचतात हें खरें. पण एवढा मोठा फरक केवळ गरजेनें पडला असेल, असें मानणें कठीण आहे. म्हणूनच निसर्गक्रमानें होणाऱ्या प्रसूतीला धीरानें वाट पाहणारी शिकलेली सुईण आज पुनः महत्त्वाची ठरत आहे. इंग्लंडनें 1902 मध्यें कायदा करून सुईणीच्या धंद्याला शिक्षण व नोंदणी यांची जोड दिली. भारत सरकारनेंहि 2018 मध्यें परिचारिकांना अठरा महिन्यांचें विशेष शिक्षण देऊन सुईण करण्याची योजना जाहीर केली.

इंग्लंडांत 2011 मध्यें प्रसिद्ध झालेलें संशोधन ह्या बाबतींत उद्बोधक आहे. निर्धोक गर्भारपणांत सुइणींनीं चालविलेलीं प्रसूतिकेंद्रें बालकाच्या दृष्टीनें रुग्णालयाइतकींच सुरक्षित ठरलीं, आणि तेथें शस्त्रक्रियाहि कमी झाल्या. पहिलटकरणीच्या बाबतींत मात्र घरीं होणाऱ्या प्रसूतींत बालकाला धोका अधिक दिसला, आणि घरीं प्रसूतीस बसलेल्या दर शंभर पहिलटकरणींपैकीं सुमारे 45 जणींना ऐन वेळीं रुग्णालयांत हलवावें लागलें. तेथील सुईण नोंदणीकृत असते, आणि गरज पडल्यास वाहन व रुग्णालय यांची व्यवस्था आधींच झालेली असते. जेथें ही सांखळी नाहीं, तेथें घराचा निष्कर्ष तसाच उचलून आणणें घातक होईल.

तेव्हां होणाऱ्या आईबापांनीं इमारतीच्या झगमगाटाकडे न पाहतां कांहीं साधे प्रश्न विचारावेत. प्रसूतीच्या वेळीं प्रत्यक्ष जवळ कोण असणार, आणि तिचें शिक्षण काय? हात व हत्यारें निर्जंतुक करण्याची रीत कोणती? सोबतीला घरचें माणूस राहूं देतात काय? शस्त्रक्रिया व रक्त तेथेंच मिळेल काय, नसल्यास किती मिनिटांत? रक्तदाब, मधुमेह, तीव्र पंडुरोग, जुळें, पायाळू मूल किंवा पूर्वींची शस्त्रक्रिया असेल, तर जेथें शस्त्रक्रियेची सोय चोवीस तास आहे तेंच ठिकाण निवडावें. रक्त जाणें, दृष्टि अंधुक होऊन डोकें दुखणें, झटके, ताप किंवा मुलाची हालचाल मंदावणें, ह्यांपैकीं कांहींहि दिसलें तर मुहूर्त, वडिलांचा होकार वा सकाळ ह्यांची वाट पाहूं नये. 2011 च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानें सरकारी रुग्णालयांत प्रसूति, शस्त्रक्रिया व जाण्यायेण्याचें वाहन हीं विनामूल्य केलीं आहेत. खर्चाच्या भीतीनें उशीर करण्याचें कारण नाहीं.

माहेरची माया बाळंतिणीला हवीच. पण ज्या गांवीं माहेर, त्या गांवीं रात्रीं दोन वाजतां कोण धांवून येणार, ह्याचें उत्तर नववा महिना लागण्यापूर्वींच ठरलेलें असावें. चरकानें सूतिकागार सिद्ध करण्याची जी मुदत घालून दिली, ती आजहि चुकलेली नाहीं.