वाट कुणाच्या नावावर?

माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त युरोपात असतो. गेल्या महिन्यात त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर काही फोटो पाठवले. फ्रान्सच्या बर्गंडी भागातली पायवाट होती. दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या ओळी, मध्ये दगडी कुंपण, वर टेकडीवर जंगल आणि खाली दरीत चर्चचा मनोरा असलेलं लहानसं गाव. फोटोखाली त्याने लिहिलं होतं, "मॅडम, काळजी करू नका. फक्त चाललो, प्यायलो नाही." त्याखाली आणखी एक ओळ होती, "आपल्या चांद्या-गडचिरोलीत एवढं जंगल आहे, मग आपल्याकडे अशा वाटा का नाहीत?"

पहिलं वाक्य वाचून हसू आलं, दुसऱ्यापाशी मात्र मी अडले. आपल्याकडे वाटा नाहीत, हे खरं नाही. तरी प्रश्न चुकीचा होता असंही म्हणवेना. त्याला दोन ओळींत उत्तर देता आलं नाही, म्हणून हा लेख.

आधी फ्रान्सचं बघू. त्या देशात गावाबाहेरच्या जुन्या शेतवाटा गावाच्या मालकीच्या असतात, म्हणजे आपल्या भाषेत ग्रामपंचायतीच्या. त्या लोकांच्या वापरासाठी राखलेल्या असतात आणि गावाने ठरवल्याशिवाय त्या विकता किंवा बंद करता येत नाहीत. आपल्याला स्वातंत्र्य मिळालं त्याच १९४७ साली तिथे पहिल्या लांब पल्ल्याच्या पायवाटेवर झाडांना, दगडांना पांढरे-लाल पट्टे रंगवले गेले. पुढे १९८३ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्याने अशा वाटांची यादी करून त्या जपाव्यात असं ठरलं. बर्गंडीच्या द्राक्षमळ्यांना २०१५ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं. पाहुणा आज ज्या वाटेने मजेत चालतो, ती वाट मुळात मळ्यात कामाला जाणाऱ्यांच्या पायांनी पाडलेली. म्हणजे वाट आधी कामाची होती. फिरण्याची ती नंतर झाली, आणि तरीही गावाचीच राहिली.

आता आपल्याकडच्या कामाच्या वाटा.

२०२३ चा रमजान मार्च-एप्रिलमध्ये आला होता. सहरीला उठलं की मागच्या रस्त्यावर बायांची कुजबुज ऐकू यायची. हातात बॅटरी, डोक्यावर टोपली. मोहफुलं रात्रभर गळतात आणि उन्हं वर यायच्या आत वेचावी लागतात. नाहीतर गुरं खातात, हरणं खातात, अस्वल येतं. आमची सहरी आणि त्यांचं निघणं एकाच वेळी. वर्गात या दिवसांत हजेरी घटते, कारण आईसोबत पोरंही मोहावर जातात. एकदा एका मावशींना मी विचारलं, "अंधारात वाट कशी सापडते हो?" त्या म्हणाल्या, "वाट डोयाले नाही, पायाले ठाऊक रायते."

बाहेरच्या माणसाला मोह म्हटलं की दारूच आठवते. पण या भागात मोह आधी अन्न आहे. फुलं वाळवून ठेवतात, उकडून खातात, भाजून कुटून लाडू करतात. बियांचं तेल निघतं. १८९७ आणि १९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांतातल्या जंगलात राहणाऱ्या कितीतरी घरांना या फुलांनी तगवलं. कुरआनमधल्या सूरह नहलमध्ये खजूर आणि द्राक्षांचा उल्लेख येतो. त्यांच्यापासून तुम्ही नशेची वस्तूही करता आणि चांगला रिज्कही मिळवता, अशा अर्थाची ती आयत आहे. मोहाखाली वाकलेल्या बाया पाहिल्या की मला तीच आयत आठवते. फळ तेच, फूल तेच. त्याचं काय करायचं हे माणूस ठरवतो, आणि अनेकदा सरकार.

इथल्या वाटा नव्या नाहीत. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचं वर्णन करताना चांद्याच्या गोंड राजाची, बाबाजीची नोंद केली आहे. त्याच्याकडे एक हजार घोडेस्वार आणि चाळीस हजार पायदळ असल्याचं तो लिहितो. त्याच ठिकाणी वैरागडच्या हिऱ्याच्या खाणीचा उल्लेख आहे. हे वैरागड आज गडचिरोली जिल्ह्यात आरमोरी तालुक्यात आहे. त्या आकड्यांकडे मी नेहमी वेगळ्या नजरेने पाहते. एका घोड्यामागे चाळीस पायी माणसं. हा मुलूख घोड्यांचा नव्हताच, पायी चालणाऱ्यांचा होता. ताडोब्याच्या रस्त्याकडेला आजही जुने दगडी खांब उभे दिसतात. ते गोंड राजांच्या काळातले असून त्यांना दोर आणि घंटा बांधून निरोप पोचवत, असं गाइड सांगतात. म्हणजे आज जिप्सी धावते तो रस्ता एकेकाळी राजरस्ता होता.

मग या वाटांचं झालं काय? त्याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात आहे.

१८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं आणि चांदा इंग्रजांकडे गेला. १८५८ साली बाबुराव शेडमाके यांना चांद्यात फाशी दिली गेली. त्यानंतर सात वर्षांत, १८६५ मध्ये पहिला वन कायदा आला. पुढे १८७८ चा आणि मग १९२७ चा, जो आजही लागू आहे. या शेवटच्या कायद्याची तीन कलमं वाचली की बरंच उमगतं. जंगल राखीव करताना लोकांनी आपापल्या हक्कांचे दावे लेखी किंवा तोंडी मांडायचे, त्यात वाटेचा हक्कही आला. ज्याचा दावा वेळेत मांडला गेला नाही तो हक्क संपला, असं कलम ९ सांगतं. पर्यायी वाट दाखवली की राखीव जंगलातली कोणतीही सार्वजनिक किंवा खाजगी वाट सरकारच्या मंजुरीने बंद करता येते, हे कलम २५. आणि परवानगीशिवाय राखीव जंगलात शिरणं हा गुन्हा, हे कलम २६. जी वाट पायाला ठाऊक होती, तिला आता कागद लागू लागला. तो कागद वाचता येणारं माणूस गावात नव्हतं.

आणि तरीही एक कागद होता. भाषा शिकवणारी म्हणून तो मला फार जवळचा वाटतो. त्याचं नाव 'वाजिब-उल-अर्ज'. 'वाजिब' आणि 'अर्ज' हे दोन्ही शब्द आपण मराठीत रोज वापरतो. अर्ज म्हणजे मांडणं, वाजिब म्हणजे रास्त. मांडायलाच हवी अशी रास्त गोष्ट, असा त्याचा अर्थ. इंग्रज अमदानीतल्या जमीन बंदोबस्तात गावोगाव हा दस्त लिहिला गेला. गावाचे रिवाज, पाण्याचा वापर, जाण्यायेण्याचा हक्क यांची त्यात नोंद असे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये निस्तारपत्रक कलम १६१ मध्ये आहे आणि वाजिब-उल-अर्ज कलम १६५ मध्ये. त्यात वाटेच्या हक्काचा स्पष्ट उल्लेख आहे. फारसी दरबारातून आलेला एक शब्द मराठी कायद्यात बसून गोंड, माना, कुणबी अशा सगळ्यांच्या पायवाटेची राखण करायला तयार आहे. उर्दू परकी म्हणणाऱ्यांना मी हा शब्द नक्की सांगते. पण आपल्या गावचा वाजिब-उल-अर्ज किती जणांनी पाहिलाय, असं वर्गात विचारलं की एकही हात वर होत नाही.

वाटेसारखंच मोहाचं झालं. इथे फ्रान्स पुन्हा येतो. १८६० नंतर अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या बारीक किडीने फ्रान्सच्या द्राक्षवेलींची मुळं खाऊन टाकली. १८७५ साली तिथे सुमारे ८ कोटी ४० लाख हेक्टोलिटर वाइन झाली होती. १८८९ पर्यंत ती सुमारे २ कोटी ३० लाखांवर आली. त्या टंचाईच्या काळात मद्यार्क गाळण्यासाठी हिंदुस्थानातली वाळलेली मोहफुलं मुंबई बंदरातून जहाजाने फ्रान्सला गेली. माझ्या विद्यार्थ्याने ज्या देशातल्या मळ्यांचे फोटो काढले, त्या देशाची तहान एकेकाळी आपल्या जंगलातल्या फुलांनी काही प्रमाणात भागवली होती. आणि नेमकं त्याच सुमारास, १८९२ मध्ये मुंबई सरकारने मोहाचा कायदा करून ठाणे-कुलाबा भागात लोकांनी ही फुलं गोळा करण्यावर आणि बाळगण्यावर बंधनं घातली. आमच्याकडे १९१५ चा मध्य प्रांत अबकारी कायदा होताच. सरकारचा हेतू दारू कमी व्हावी एवढाच नव्हता. घरी गाळलेल्या दारूवर कर मिळत नाही, ठेक्यावरच्या दारूवर मिळतो. फूल व्यापाऱ्याच्या पोत्यात असलं तर माल, आदिवासी बाईच्या घरात असलं तर संशय. ही नजर स्वातंत्र्यानंतरही बराच काळ टिकली. मोहफुलं गोळा करणं, साठवणं आणि नेणं यांवरची बंधनं महाराष्ट्राने २०२१ मध्ये शिथिल केली.

इथे गैरसमज नको. दारूची तरफदारी मी करत नाही, करणारही नाही. आमच्या दीनने ती हराम ठरवली आहे. पण दारूविरुद्ध या भागात सर्वांत मोठा लढा कुणी दिला? ज्या बाया मोह वेचतात, त्यांच्यासारख्याच गावच्या बायांनी. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्यासोबत लोकांनी उभ्या केलेल्या आंदोलनानंतर १९९३ मध्ये दारूबंदी झाली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या हजारो बाया डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधानभवनाकडे पायी निघाल्या. थंडीचे दिवस होते. त्यांच्या मागणीला यायला २०१५ उजाडलं, आणि २०२१ मध्ये चंद्रपूरची बंदी उठलीही. बंदीने चोरटी दारू वाढली असं एक बाजू म्हणते, मार खाणाऱ्या बायांना थोडा श्वास मिळाला असं दुसरी. मला त्यातली एकच गोष्ट पक्की दिसते. त्या बायांना फुलाशी वैर नव्हतं. फूल आपल्या हाती राहावं आणि दारू दारात येऊ नये, एवढंच त्या मागत होत्या. आपल्याला नेमकं याच्या उलट मिळालं.

आणि आता चालणाऱ्यांसमोर वाघ आहे. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प. वाघ वाढले ही अभिमानाची गोष्ट आहे. सफारीला येणारा पाहुणा जिप्सीत बसतो, त्याला खाली पाय ठेवायला मनाई असते आणि ते योग्यच आहे. पण बाहेरच्या जंगलात मोहाला, तेंदूला, सरपणाला जाणारी बाई पायीच जाते. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ज्याच्याकडे पैसे आहेत तो जंगलात गाडीत सुरक्षित, आणि जिच्याकडे नाहीत ती पायी. फ्रान्समध्ये चालणं ही हौस आहे, आमच्याकडे ती मजबुरी आहे. माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न खरं तर इथे येऊन टेकतो.

तरी सगळंच अंधारात नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गावाचा मालकी हक्क मानला. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. परवाना मागणारं गाव परवाना देणारं झालं. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा अनेकांनी ऐकली असेल. या गावात वाट पुन्हा कुणाच्या तरी नावावर आली, आणि ते नाव गावाचं आहे. कोणत्या भागात वाघीण पिलांसह आहे, आज कुठे जाऊ नये, मोहाखालचा पाला जाळण्याऐवजी जाळी कशी अंथरावी, असे निर्णय ज्या गावाकडे जंगलाचा हक्क आहे ते गाव एकत्र बसून घेऊ शकतं. ज्याच्याकडे हक्कच नाही, तो फक्त चोरून जातो आणि एकटा जातो. एकट्याला वाघ गाठतो.

मी विद्यार्थ्याला शेवटी एवढंच लिहिलं : "बेटा, आपल्याकडे वाटा आहेत, फक्त त्यांच्यावर पट्टे रंगवलेले नाहीत. ते रंगवायच्या आधी त्या कुणाच्या आहेत हे लिहून घ्यावं लागेल. सुट्टीत आलास की तुझ्या आजोळच्या गावचा वाजिब-उल-अर्ज काढायला आपण तहसीलला जाऊ. अर्ज तू लिही, मराठीत. शुद्धलेखन मी तपासेन."

त्याचा अंगठा आला आहे. पुढच्या सुट्टीची वाट बघतेय.