घणाचा ठोका आणि आतला तांबडा थर

शाहू महाराजांच्या काळात राधानगरीचं धरण उभं राहू लागलं, तेव्हा पाया पारखायचा म्हणजे खणायचं. माती काढा, मुरूम काढा, पहार खणखणेपर्यंत जा. आयर्लंडच्या किनाऱ्यावर रॉबर्ट मॅलेट यांनी १८४९ मध्ये वाळूत दारू उडवून जमिनीतल्या कंपनलाटेचा वेग मोजला होता, पण धरणांच्या पायापर्यंत ती विद्या पोचायला अजून अवकाश होता.

आमच्या भागात भूकंपमापनाची चर्चा घरोघरी गेली ती ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेनंतर. कोयनेच्या त्या हादऱ्यानं कोल्हापूरही जागं झालं. पुढे सत्तरच्या दशकात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संस्थेनं गुहागर ते चोरोची आणि केळशी ते लोणी अशा दोन लांबच लांब रेषांवर सुरुंग उडवून भूकवचाचा वेध घेतला. त्यांना किलोमीटर हवे होते. आम्हाला पूल, बंधारे आणि विहिरींसाठी वीस-तीस मीटर.

माझं आयुष्य या वीस-तीस मीटरांत गेलं. लोखंडी पत्र्यावर घण मारायचा आणि जमिनीत रोवलेल्या चोवीस जिओफोननी, म्हणजे कंपनं टिपणाऱ्या यंत्रांनी, खालच्या थरांवरून वळून आलेली लाट ऐकायची; हीच अपवर्तनाची पद्धत. खरं काम घण उचलण्याआधीच होतं : रेषा किती लांब आणि जिओफोन किती जवळ? दोन-दोन मीटरवर ठेवले तर सेहेचाळीस मीटरांची रेषा. वरची काळी माती आणि मुरूम नीट वेगळे दिसतात, पण खोली दहा-पंधरा मीटरांवर अडते. पाच-पाच मीटरवर नेले तर खाली पोचता, मात्र वरचे पातळ थर एकमेकांत मिसळतात. हव्या खोलीच्या निदान तीन-चारपट रेषा, हा आमचा ढोबळ हिशोब. ठेकेदाराला दोन्ही एकाच पैशात हवं असायचं. शिवाय ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर गेला की सगळी नोंद वाया. म्हणून आम्ही भल्या पहाटे बसायचो.

पण दख्खनचा खडक या पद्धतीला फसवतो. अपवर्तनाचा सगळा डोलारा खाली जावं तसा लाटेचा वेग वाढतो या गृहीतावर उभा आहे. इथे लाव्हाचे थर एकावर एक साचलेले. घट्ट काळ्या पाषाणाखाली सच्छिद्र, मऊ तांबडा थर असतो. त्याच्या माथ्यावरून वळून लाट वर येतच नाही, आलेखात तो नसतोच. वर त्याखालच्या खडकाची खोलीही चुकते. पन्हाळ्यावर तर जांभ्याच्या कडक टोपीखाली मऊ माती, तीच गत. एका विहीर खोदणाऱ्या म्हाताऱ्यानं माझा आलेख न बघताच सांगितलं होतं, "सायब, वरचा कातळ घट्ट हाय, पर खाली तांबडं लागंल." लागलंच.

तेव्हापासून माझ्या अंदाजपत्रकात रेषेच्या मध्यावर एक बोअर असायचाच. वरिष्ठ तो खर्च कापू पाहायचे. मी त्यांना कोयनेजवळचं रासाटी दाखवायचो : तिथं लाव्हा ९३३ मीटरवर संपून ग्रॅनाइट लागला, हे ठरलं तेही बोअर घेऊनच.