विश्लेषण: आपला नेता निवडताना जगाचं मत विचारात घ्यावं का?

ऑक्टोबर २००४. अमेरिकेत जॉर्ज बुश आणि जॉन केरी यांच्यातली अध्यक्षपदाची लढत शेवटच्या टप्प्यात आली होती. त्याच वेळी ओहायो राज्यातल्या क्लार्क काउंटीमधल्या मतदारांच्या घरी अनोळखी लोकांची पत्रं येऊ लागली. ती ब्रिटनमधून येत होती.

या मोहिमेमागे होतं 'द गार्डियन' हे ब्रिटिश दैनिक. कोणत्याही पक्षाकडे नोंद नसलेल्या मतदारांची नावं आणि पत्ते त्यांनी आपल्या वाचकांना मिळवून दिले. अमेरिकेचा अध्यक्ष कोण होतो, याचे परिणाम साऱ्या जगाला भोगावे लागतात, मग जगाने निदान आपलं म्हणणं तरी का मांडू नये, असा त्यामागचा युक्तिवाद होता. तो अगदीच पोकळ नव्हता. इराकमध्ये तेव्हा ब्रिटनचे सैनिकही लढत होते. कादंबरीकार जॉन ल कॅरे आणि शास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनीही बुश यांच्या विरोधात पत्रं लिहिली.

अमेरिकेतून मात्र संतापाचा पूर आला. आमचा अध्यक्ष कोण हे सांगणारे तुम्ही कोण, असा सूर होता. दैनिकाने मोहीम लवकरच गुंडाळली. २००० साली क्लार्क काउंटीत डेमोक्रॅटिक पक्षाचे अल गोर ३२४ मतांनी पुढे होते. २००४ मध्ये तिथे बुश सुमारे १,६०० मतांनी जिंकले. हे पत्रांमुळेच झालं असं सिद्ध करता येत नाही. पण पत्रांचा हेतू साध्य झाला नाही, एवढं नक्की.

परक्यांचा विरोध नेत्याच्या पथ्यावर कसा पडतो?

याचं ठळक उदाहरण अर्जेंटिनाचं. १९४५ मध्ये अमेरिकेचे तिथले राजदूत स्प्रुइल ब्रेडन यांनी लष्करी नेते हुआन पेरॉन यांच्याविरुद्ध उघड भूमिका घेतली. फेब्रुवारी १९४६ मध्ये, मतदानाला जेमतेम दोन आठवडे असताना, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने एक पुस्तिका काढली. पेरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे नाझी जर्मनीशी संबंध होते, असा आरोप त्यात होता.

पेरॉन यांनी आरोपांना मुद्देसूद उत्तर देण्यापेक्षा निवडणुकीचा प्रश्नच बदलून टाकला. त्यांची घोषणा होती, 'ब्रेडन की पेरॉन?' समोरचे उमेदवार होसे तांबोरिनी बाजूलाच पडले. पेरॉन जिंकले.

बाहेरून दबाव आला की 'हा नेता चांगला की वाईट' हा प्रश्न मागे पडतो आणि 'आपण की ते' हा प्रश्न पुढे येतो. नेत्यालाही तेच हवं असतं.

मग बाहेरच्यांचं ऐकूच नये का?

इथे ऑस्ट्रियाची गोष्ट महत्त्वाची ठरते. १९८६ मध्ये कुर्ट वाल्डहाइम तिथल्या राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते. १९७२ ते १९८१ अशी दहा वर्षं ते संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यासोबत बाल्कन प्रदेशात केलेली नोकरी त्यांनी आपल्या आत्मकथनातून वगळली होती. ती मार्च १९८६ मध्ये उजेडात आली. आधी ऑस्ट्रियातल्याच 'प्रोफिल' या साप्ताहिकाने आणि लगोलग 'वर्ल्ड ज्युइश काँग्रेस' या आंतरराष्ट्रीय संघटनेने कागदपत्रं पुढे आणली.

प्रचारात उत्तर आलं, 'आम्ही ऑस्ट्रियन आम्हाला हवा तो निवडू.' जूनमध्ये वाल्डहाइम सुमारे ५४ टक्के मतं घेऊन विजयी झाले.

एप्रिल १९८७ मध्ये अमेरिकेने त्यांना प्रवेशबंदी केली. पाश्चात्त्य देशांनी त्यांना भेटीला बोलावणं टाळलं. १९८८ मध्ये इतिहासकारांच्या आंतरराष्ट्रीय समितीने अहवाल दिला. त्यांनी स्वतः युद्धगुन्हे केल्याचा पुरावा मिळाला नाही, पण आसपास चाललेल्या अत्याचारांची त्यांना माहिती होती, असा त्याचा निष्कर्ष होता. १९९२ मध्ये ते पुन्हा उभे राहिले नाहीत.

कुणाला मत द्यायचं हे ठरवण्याचा हक्क ऑस्ट्रियाच्या मतदारांचाच होता. पण बाहेरून आलेली माहिती केवळ बाहेरून आली म्हणून खोटी ठरत नव्हती.

जगाची नाराजी टिकते का?

ते देशाच्या वजनावर अवलंबून असतं. गुजरातमधल्या २००२ च्या दंगलींचा संदर्भ देत अमेरिकेने २००५ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांना व्हिसा नाकारला. २०१४ मध्ये ते लोकसभा निवडणूक जिंकले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी फोन करून त्यांना भेटीचं निमंत्रण दिलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मोदी अमेरिकेत होते. छोट्या ऑस्ट्रियाच्या अध्यक्षाला अशी सवलत मिळाली नाही. म्हणजे परदेशी सरकारांची नाराजी ही नेहमी तत्त्वाचीच असते असं नाही. त्यात सोयीचा हिशेबही असतो.

कायदा काय सांगतो?

मत मांडणं आणि पैसा ओतणं यांत कायदा फरक करतो. अमेरिकेत परदेशी नागरिकांना निवडणुकीसाठी देणगी देता येत नाही. भारतातही परकीय योगदान (नियमन) कायद्यानुसार उमेदवार आणि राजकीय पक्षांना परदेशी पैसा घेता येत नाही. मात्र २०१६ मध्ये 'परकीय स्रोत' या शब्दाची व्याख्या सैल केल्यामुळे परदेशी भागभांडवल असलेल्या अनेक कंपन्या त्यातून बाहेर पडल्या.

'परदेशातलं मत' आणि 'परदेशी मत' यांतही गल्लत करू नये. दुबईत नोकरी करणाऱ्या, भारतीय पासपोर्ट असलेल्या सांगलीकराला मतदार म्हणून नाव नोंदवता येतं. फक्त मत द्यायला गावी यावं लागतं. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेल्या त्याच्या भावाला मात्र हा हक्क नाही.

मतदाराने काय करावं?

अमेरिकेच्या राज्यघटनेचे एक शिल्पकार जेम्स मॅडिसन यांनी १७८८ मध्ये, सिनेट का हवी हे समजावताना, एक मुद्दा मांडला होता. भावनेच्या भरात देशाची विचारशक्ती झाकोळते, तेव्हा निःपक्ष जगाचं मत चांगला मार्गदर्शक ठरू शकतं. यात 'निःपक्ष' हा शब्द कळीचा आहे.

त्यामुळे आपल्या नेत्याबद्दल परदेशातून काही ऐकू आलं, मग ती स्तुती असो वा टीका, तर तीन प्रश्न विचारावेत. यात नवी, तपासता येईल अशी माहिती आहे की नुसती आवड-नावड? सांगणाऱ्याचा त्यात काय फायदा आहे? आणि हेच एखाद्या देशी माणसाने सांगितलं असतं, तर आपण विश्वास ठेवला असता का?

परदेशी स्तुतीलाही हीच चाळणी लावणं अनेकांना जड जातं. टीका झाली की 'तुम्ही कोण?' म्हणायचं आणि कौतुक झालं की फलक लावायचे, यात स्वाभिमान नाही. बाहेरच्यांची माहिती घ्यावी, हुकूम घेऊ नये. शेवटी मत आपलं असतं आणि त्याचे परिणामही आधी आपल्यालाच भोगावे लागतात.