बंदिवान, बंदिपाल आणि त्रयस्थ साक्षी

पैठणच्या वाटेवरील चितेगांव ज्या जिल्ह्यांत मोडतें, त्यास आज ज्यांचें नांव आहे ते छत्रपति संभाजीमहाराज बंदिवासांत छळ सोसून दिवंगत झाले. इ. स. १६८९ च्या फेब्रुवारींत ते संगमेश्वरीं धरले गेले व ११ मार्च रोजीं त्यांचा वध झाला. मधल्या सुमारें चाळीस दिवसांची हकीकत आपणांस मुख्यतः साकी मुस्तैदखान, भीमसेन सक्सेना, खाफीखान या मोगल बाजूच्या लेखकांकडून मिळते. साकीचा ग्रंथ इ. स. १७१० त पुरा झाला. चिटणिशी बखर तर शतकाहून अधिक काळानें लिहिली गेली. बंदिवानाच्या हातचा कागद या साधनांत नाहीं.

कोठडीच्या इतिहासाची ही नेहमींची अडचण होय. दफ्तर बंदिपालाचें असतें. आणि छळाची नोंद छळणारा सहसा ठेवीत नाहीं. तेव्हां बंदिवान व बंदिपाल यांहून निराळ्या कोणीं आंत जाऊन पाहिलें व लिहिलें, तरच संशोधकास दुसरें साधन लाभतें. असें एक साधन आमच्या शेजारच्या अहमदनगरचें (आजचें अहिल्यानगर) आहे.

पहिल्या महायुद्धांत तेथील छावणींत जर्मन व ऑस्ट्रियन प्रजाजन अटकेंत होते. त्यांत व्यापारी होते, तसे मिशनरीही होते. इ. स. १९१७ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीचे प्रतिनिधि थॉर्मेयर, शॉख व ब्लांशो यांनीं हिंदुस्थान व ब्रह्मदेश येथील छावण्या पाहिल्या. निवारा, अन्न, कपडे, औषधोपचार, टपाल, शिस्त व तक्रारी हे अशा पाहणीचे विषय असत. अहवाल त्याच वर्षीं लंडनमध्यें छापला गेला. युद्ध चालू असतां, आणि तोही एका युद्धमान राष्ट्राच्या राजधानींत छापलेला अहवाल ताडून पाहिल्यावांचून स्वीकारूं नये, हें आमच्या वाचकांस सांगणें नकोच. तरीपण त्याचा कर्ता बंदिपाल नव्हे, ही त्याची मोठीच योग्यता होय.

पुढें २७ जुलै १९२९ च्या जिनीव्हा करारानें ही पद्धति कायद्यांत आली. त्याच्या ८६ व्या कलमानें युद्धकैद्यांशीं, सर्वसाधारणपणें साक्षीदारावांचून, बोलण्याची मुभा त्रयस्थ राष्ट्राच्या प्रतिनिधींस मिळाली. परंतु ही मुभा युद्धकैद्यांपुरती होती. इ. स. १९४२ च्या ऑगस्टांत त्याच अहमदनगरच्या किल्ल्यांत नेहरू, पटेल, आझाद प्रभृति नेते चौकशीवांचून डांबले गेले. त्यांस या कलमाचा आधार नव्हता. शत्रूच्या सैनिकासाठीं परक्या माणसास दार उघडावें लागे. स्वतःच्या प्रजाजनासाठीं तसें बंधन नव्हतें. आमच्या मतें या सर्व कागदांतून निघणारा मुख्य सिद्धांत हाच आहे.

ही उणीव अद्याप पुरती भरलेली नाहीं. संयुक्त राष्ट्रांचा छळविरोधी करार १० डिसेंबर १९८४ रोजीं संमत झाला. भारतानें त्यावर १४ ऑक्टोबर १९९७ रोजीं सही केली, परंतु तो अनुसमर्थित केलेला नाहीं. कोठड्यांच्या पाहणीसाठीं इ. स. २००२ त झालेल्या पुरवणी करारांत भारत सामील नाहीं. लोकसभेनें इ. स. २०१० त संमत केलेलें छळप्रतिबंधक विधेयक राज्यसभेंतून पार पडलें नाहीं. मात्र डी. के. बसू खटल्याच्या १८ डिसेंबर १९९६ च्या निकालानें सर्वोच्च न्यायालयानें अटकेचें टिपण आवश्यक केलें: त्यावर तारीख व वेळ हवी, घरच्या माणसाची किंवा गांवांतील प्रतिष्ठित इसमाची साक्ष हवी, आणि अटक झालेल्याचीही सही हवी. अटकेंत असेपर्यंत दर ४८ तासांनीं वैद्यकीय तपासणीही सांगितली आहे.

दस्तऐवजाच्या दृष्टीनें पाहतां, बंदिपालाच्याच दफ्तरांत त्रयस्थाची व बंदिवानाची सही उमटविण्याची ही योजना आहे. ती सही खरोखर त्याच वेळीं झाली कीं मागाहून, हा उद्यांच्या संशोधकाचा प्रश्न राहील. तो सोडविण्यास अस्सल कागद उरले पाहिजेत. म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, सनदा व महजर यांच्या जोडीस तुरुंगांतून आलेलीं पत्रें, भेटीचे परवाने, तक्रारअर्ज हींही जपावीं. आणि मोहोरेसाठीं लिफाफा ठेवतांना आंतील पत्र टाकूं नये.