मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७

मानसिक आजार असलेल्या व्यक्तींच्या हक्कांना संरक्षण देणारा भारतीय कायदा. तो २९ मे २०१८ पासून अमलात आला व १९८७ चा मानसिक आरोग्य अधिनियम रद्द झाला. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला मान्यता दिल्याने कायदा बदलणे क्रमप्राप्त होते. मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थाही आजाराच्या व्याख्येत येत असल्याने व्यसनाधीन रुग्णालाही हे संरक्षण मिळते.

शासकीय खर्चाने चालणारी सेवा, गोपनीयता, मोफत कायदेविषयक साहाय्य आणि शारीरिक आजारांप्रमाणेच वैद्यकीय विमा हे प्रमुख हक्क होत. कोणते उपचार हवेत वा नकोत, हे सज्ञान व्यक्ती आगाऊ लिहून ठेवू शकते. आपला प्रतिनिधीही नेमू शकते. संमतीविना दाखल केल्यास पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते. एरवाडी (तमिळनाडू) येथे २००१ मध्ये साखळदंडांत अडकवलेले मनोरुग्ण आगीत होरपळून मेले होते. कलम ९५ अशा बंधनाला मनाई करते. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती, असे कलम ११५ गृहीत धरते. मंडळांच्या स्थापनेस अनेक राज्यांत विलंब झाल्याने अंमलबजावणी असमान राहिली.