शंकरपट : छकडा आणि जोडी

१९६४ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेल्या होंडाने पुढच्याच वर्षी मेक्सिकोत पहिली शर्यत जिंकली. या जपानी गाड्यांची उत्क्रांती ही मुख्यतः इंजिनाची कथा आहे. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरच्या शंकरपटात मात्र नेमके उलट दिसते. कापूस वाहणारी बैलगाडी जड, पटाचा छकडा हलका; धावणारे बळ दोन्हीकडे एकच, बैलजोडीचे. ते सजीव आहे म्हणूनच ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यतींवर बंदी घातली. राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती वैध ठरवली. पट पुन्हा भरू लागले. परंतु मुक्या धावकाच्या वतीने बोलायचे कोणी, हा प्रश्न निकालाने मिटत नाही. कासऱ्यासोबत तो धुरकऱ्याच्या हाती येतोच.